खिडकीखालचा निळा शर्ट

आमच्या सासूबाई दर अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधायच्या. मी म्हणायचे, "आत्याबाई, मिरची आमटीत घाला की, चव तरी यील." मी अशी बाई… त्यामुळे हे लिहायला जरा लाजच वाटतेय.

आम्ही सोलापूरला राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. समोरच टॉवेलचा कारखाना. आमचे हे तिथे मागावर होते आणि मी टॉवेलच्या कडा शिवायला. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात. आमचं लग्नसुद्धा असंच जमलं — आवाज न करता! भांडणंही तशीच.

गेल्या वर्षी यांना अटॅक आला, बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आला तो माणूसच वेगळा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. हे म्हणायचे, "बगू उद्या." आणि खरं सांगू? मला बरंच वाटायचं. वाटेत काही झालं तर, म्हणून मीच यांना जिना उतरू देत नव्हते. झोपले की छातीवर हात ठेवून बघायचे. महिनाभर आमचं धड बोलणंच नव्हतं. दवाखान्यातून परत आणलेला माणूस घरातल्या घरात हातचा चाललाय, हे मला दिसत होतं.

एके दुपारी, चारच्या सुमारास, मी चहा टाकला होता. सहज खिडकीतून खाली पाहिलं — आमच्या गेटपाशी हे उभे! निळा चौकड्यांचा शर्ट, मान वर केलेली. समोर माग चालूच होते. यांचे ओठ हलले आणि मी स्पष्ट वाचलं, "सुरेखा, मला लई भ्या वाटतंय. तू संगं चल की."

गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत पळाले… तर हे कॉटवर. भिंतीकडे तोंड, पण जागे.

तो निळा शर्ट तर अटॅकच्या दिवशी दवाखान्यात कात्रीने कापून काढला होता!

"अहो… आत्ता खाली तुमी…" जे वाचलं ते सगळं सांगितलं. हे उठून बसले.

"घरी आल्यापासनं मनात ह्येच म्हंतोय. तोंडातनं भाईर पडंना. तुला कुनी सांगितलं?"

"तुमीच की!" म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "मला बी लई भ्या वाटतंय ओ."

"व्हय? मला वाटलं, मी एकटाच भितोय." आणि हे हसले! खोकताना छातीशी धरायला दवाखान्यातून दिलेली उशी कवटाळून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मला इतका आनंद झाला की गॅसवरचा चहा विसरलेच.

त्या दिवशी हात धरून गेटपर्यंत गेलो. आता रोज पाऊण तास चालतो. रस्त्यावर ट्रकचा गोंगाट असला तरी आमच्या गप्पा थांबत नाहीत.

ते कोण होतं, आजही सांगता येत नाही. शोधायलाही गेले नाही.

तसलाच निळा शर्ट मात्र नवा घेतला. हे तो घालून माझ्याआधी खाली जातात आणि गेटपाशी उभं राहून ओठ हलवतात, "चल की लवकर!" मी आधी मागे वळून कॉट रिकामी आहे ना ते बघते, आणि मगच हसत जिना उतरते.