गेली चौदा, आली एकतीस

"साहेब, ही होडी पाण्यापेक्षा रस्त्यावरच जास्त चालते," टेंपोतून उतरत इसाकभाई म्हणाले.

कर्जतच्या कचेरीचं आवार, मे महिन्याची दुपार. टेंपोवर सोळा फुटांची लाकडी होडी दोरांनी आवळून बांधलेली. तिचं टोक पार केबिनच्या टपावर आलं होतं. आसपास पाणी म्हणाल तर कचेरीच्या माठातलं तेवढं. मी टेप घेऊन बाहेर आलो तोवर इसाकभाईंनी नेहमीप्रमाणे टेंपो मागेपुढे करून एका अंगाने भिंतीला अगदी चिकटवून लावला होता. सावलीसाठी लावतात, अशी माझी समजूत होती.

मी लांबी, रुंदी, खोली मोजली. फळ्या ठोकून पाहिल्या. कडेला पांढऱ्या रंगात क्रमांक होता, चौदा. रजिस्टरमध्ये चौदासमोर "तपासली, योग्य" असं लिहून सही केली.

"आता उद्या खालापूरची होडी न्यायची?" मी सहज विचारलं.

"कुठं न्यायची ते मालक सांगेल. आपण ड्रायव्हर माणूस," इसाकभाई म्हणाले आणि बिडी पेटवायला पलीकडे गेले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मी मत्स्यव्यवसाय खात्यात निरीक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. मला नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते गिरणीत नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं. त्यामुळे नोकरीवर माझा फार जीव. नियमांचं पुस्तक मी परीक्षेसारखं पाठ केलं होतं.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या हद्दीवर पाटबंधाऱ्याचा एक तलाव होता. हद्द म्हणजे पूर्वीचा ओढा. तलाव झाला तेव्हा ओढा पाण्याखाली गेला आणि त्याबरोबर हद्दही गेली. कागदावर मात्र ती होतीच. अर्ध्या तलावात मासे धरायला कर्जतचा परवाना लागे, अर्ध्यात खालापूरचा. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळी तपासणी आणि वेगळा क्रमांक. एक ते वीस कर्जतचे, एकवीस ते चाळीस खालापूरचे. नियमात "नौका कार्यालयासमोर हजर करावी" असं लिहिलेलं होतं. म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात होड्या डांबरी रस्त्याने कचेऱ्यांना यायच्या. लाकडी होडी दोन-तीन दिवस उन्हात उभी राहिली की फळ्यांच्या मधे फटी पडतात. मग त्यात कापूस आणि डांबर भरत बसायचं. हे सगळं मला दिसत होतं, पण नियम तो नियम असं वाटायचं.

त्या दुपारी मी टेबलाशी परत आलो तर धर्मा भोईर अर्ज घेऊन बसला होता. पन्नाशीचा माणूस, कर्जतच्या बाजूच्या काठावर घर. हा त्याचा तिसरा अर्ज.

"धर्माभाऊ, मागच्या वेळी सांगितलं ना. तलावाची मर्यादा चाळीस होड्यांची आहे. चाळीस भरल्या."

मर्यादा उगीच नव्हती. आम्ही दरवर्षी तलावात बोटुकली सोडायचो. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं. जाळी जास्त झाली तर ती वाढायच्या आतच संपतात.

"सायेब, माझी होडी दोन उन्हाळं दारात पालथी हाय," धर्मा म्हणाला. "आनखी एक उन्हाळा ऱ्हायली तर चुलीत घालायच्या लायकीची व्हईल. माझं खाचर त्या पान्याखाली गेलं. भात नाय तर नाय, त्याच्यावर जाळं तरी टाकू द्या."

"कुणी परवाना सोडला तर तुम्हालाच पहिला देईन."

"सोडतंय कोन," तो म्हणाला. मग अर्ज माझ्यापुढे सरकवत, "तुमी येकदा तळ्यावर या. जेवायलाच या."

पावसाळ्याआधी यादी बंद व्हायची. दहा-बारा दिवस उरले होते. काही करता येईल असं मला वाटत नव्हतं, पण जेवायला बोलावलं म्हणून रविवारी सायकल काढून गेलो.

होडी खरंच दारात पालथी होती. वर माडाची झापं आणि ओली पोती. धर्माची बायको रोज संध्याकाळी त्यावर दोन हंडे पाणी ओतायची, लाकूड सुकू नये म्हणून. मी फळ्यांवरून हात फिरवला. दोन ठिकाणी बोटाचं नख आत जात होतं.

तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण खाऊन आम्ही काठावर एका आंब्याखाली बसलो. समोरून एक होडी उजवीकडे निघाली. कडेला चौदा. माझ्या सहीची होडी म्हणून मला जरा अभिमान वाटला. ती टेकाडाच्या आडोशाला गेली. तासाभराने त्याच आडोशामागून एक होडी परत आली. निळा सदरा घातलेला तोच माणूस, पुढच्या टोकाला तोच फुटका कंदील. कडेला एकतीस.

मी उठून उभा राहिलो. "धर्माभाऊ, ही चौदा नंबर ना?"

"जाताना चौदा," धर्मा शांतपणे म्हणाला. "येताना येकतीस."

"म्हणजे?"

"म्हंजे सायेब, होडीला दोन बाजू आसतात."

एका अंगावर कर्जतचा क्रमांक, दुसऱ्या अंगावर खालापूरचा. मग इसाकभाईंचा टेंपो आठवला. कर्जतला एकतीसची बाजू भिंतीला, खालापूरला चौदाची. मी दोन उन्हाळे होड्या तपासत होतो आणि एकदाही पलीकडे जाऊन पाहिलं नव्हतं.

"पण रजिस्टरला नावं वेगळी आहेत," मी म्हणालो.

"आसनारच. खालापूरवालं आमाला परवाना देत न्हाईत. म्हनतात, तालुक्याचा रहिवासी पायजे. मग मेव्हन्याच्या नावावर काढायचा. तिकडचं लोक हिकडं काढतात. वारा सुटला का होडी हद्द बघत नाय. पलीकडं गेली आन् तिकडचा परवाना नसला तर जाळं जप्त. म्हनून दोन ठेवतात. हौस नाय कुनाला."

"तलावावरच्या वॉचमनला माहीत आहे?"

"आख्ख्या तळ्याला म्हाईत हाय. वॉचमनला इचारलं कुनी?"

मी खाली बसलो. चाळीस परवाने म्हणजे चाळीस होड्या नव्हत्या. जागा होती. धर्माची होडी पाण्यात जाऊ शकत होती.

"हे तुम्ही पहिल्याच अर्जात का नाही लिहिलं? तेव्हाच परवाना मिळाला असता."

धर्माने माझ्याकडे पाहिलं. "निळ्या सदऱ्याचा गनपत, माझ्या बायकोचा भाव. बाकीच्यांतली निम्मी सोयरी. मी लिवून दिलं तर त्यांच्या होड्या जप्त व्हनार. त्यांची होडी काढून माझी घालू? तुमाला दाखवलं, बास. कागदावर आंगठा मागू नका."

परत येताना चढावर सायकल हातात धरून चालत होतो. नियमाने पाहिलं तर खोट्या नावावर परवाना घेणं हा गुन्हा. मी नावांची यादी वर पाठवली असती तर जागा मोकळी होऊन धर्माला परवाना मिळाला असता आणि त्याच्या मेव्हण्याची होडी गेली असती. काहीच पाठवलं नसतं तर धर्माची चुलीत गेली असती.

दुसऱ्या दिवशी खालापूरचे निरीक्षक तांबे यांना चौक गावच्या धाब्यावर गाठलं. तांबे माझ्याहून पंधरा वर्षांनी सीनियर. सगळं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला वाटायचं सावलीसाठी भिंतीला लावतो."

"मलाही तेच वाटायचं."

तांबे हसायला लागले. मग हसू आवरून म्हणाले, "इसाकभाईला काही बोलू नकोस. त्याने आपल्याला फसवलं नाही. आपण कधी गोल फिरलो नाही."

आम्ही दोघांनी तिथेच बसून मसुदा केला. तलावाची एकच नोंदणी, दोन्ही तालुक्यांना चालेल अशी. होडीला एकच क्रमांक, दोन्ही अंगांवर तोच. तपासणी काठावर, निरीक्षकांनी तिथे जायचं. जुने दोन परवाने परत घेऊन एक नवा द्यायचा आणि त्यावर दोन्ही नावं लिहायची, एक मालक, एक जोडीदार. नाहीतरी मेव्हणे जाळं ओढायला यायचेच. त्यात खोटं काही नव्हतं.

मसुदा घेऊन मी अलिबागला मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"दुहेरी नोंदी आहेत म्हणता. कुणाच्या? नावं कुठायत?"

"नावं दिलेली नाहीत, साहेब."

"का?"

"दिली तर केसेस होतील. नियम पाळता येण्यासारखा नव्हता म्हणून लोकांनी असं केलं. आणि यादीच करायची तर पहिलं नाव माझं येईल. होडीची एकच बाजू पाहून मी 'योग्य' म्हणून सह्या केल्यात. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय."

साहेबांनी तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. "तुम्ही परमनंट झालात?"

"नाही, साहेब. अजून सहा महिने आहेत."

"मग इतकं खरं लिहू नये." त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "तांबे काय म्हणतात?"

"त्यांचीही सही आहे. खाली."

"एक तालुका चुकला तर निष्काळजीपणा. दोन्ही चुकले तर पद्धतच चुकीची, नाही का?" त्यांनी पेन उघडलं. "एक वर्ष प्रायोगिक. पण पाऊस पडायच्या आत सगळ्या होड्या एका दिवशी एका जागी मोजलेल्या हव्यात. नाही आल्या तर ही फाईल मी पाहिलेली नाही, आणि चौकशी तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू होईल."

दोन्ही काठांच्या गावांत दवंडी दिली. दिवस ठरला, जागा बंधाऱ्याच्या भिंतीशी, सकाळी नऊ.

नऊ वाजले, दहा वाजले. मी आणि तांबे टेबल, दोन रजिस्टरं आणि रंगाचा डबा घेऊन बसलो होतो. समोर रिकामं पाणी. लांब पलीकडच्या काठाला होड्या उभ्या दिसत होत्या, पण एकही हलत नव्हती.

"घाबरलेत," तांबे म्हणाले. "एका जागी बोलावून सगळ्या जप्त करतील असं वाटतंय त्यांना. माझी होडी असती तर मीही आलो नसतो."

धर्मा भिंतीवर बसून होता. तो उठून माझ्याकडे आला.

"सायेब, तुमी कागदात काय लिवलंय?"

मी त्याला कॉपी वाचून दाखवली. तिसऱ्या परिच्छेदाला त्याने हाताने थांबवलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. होडीची एकच बाजू पाहिली, ही चूक माझी आहे.

धर्मा पाण्याच्या अगदी कडेला गेला आणि तोंडाभोवती हात धरून हाक मारली. "ये रं गनपत. सायबानं सवताचंच नाव आधी लिवलंय. तुझं नाय लिवलं. ये."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक होडी सुटली. निळा सदरा ओळखू आला. तिच्या मागे दुसरी, मग चार-पाच एकदम. गणपत भिंतीशी आला, पण उतरला नाही.

"दाजी, होडी गेली तर तुमच्या दारात येऊन बसंन, पोराबाळांसकट," तो धर्माला म्हणाला.

"बस की. तुझी भैन तुलाच पानी वतायला लावंल माझ्या होडीवर."

बाकीचे हसले. गणपतने दोन्ही परवाने काढून टेबलावर ठेवले, चौदा आणि एकतीस. मी उठलो आणि होडीभोवती गुडघाभर पाण्यातून पूर्ण फेरी मारली. मग तांब्यांनी नव्या रजिस्टरमध्ये पहिली ओळ लिहिली. क्रमांक एक, मालक गणपत, जोडीदार त्याचा खालापूरचा साडू.

दुपारपर्यंत मोजणी झाली. सतरा होड्यांना दोन-दोन परवाने होते, सहांना एकेक. परवाने चाळीस, होड्या तेवीस.

"चोवीस," तांबे म्हणाले आणि धर्माकडे बघून रंगाचा डबा पुढे सरकवला.

धर्माची होडी संध्याकाळी गाडीवरून काठावर आली. दोन उन्हाळे सुकलेली, पाण्यात लोटताच गळायला लागली. त्यांनी ती दगड भरून उथळ पाण्यात तीन दिवस बुडवून ठेवली. लाकूड फुगलं आणि बहुतेक फटी मिटल्या. एक फळी मात्र बदलावी लागली. ती सडली होती. मी पहिला अर्ज आला तेव्हाच तलावावर गेलो असतो तर ती वाचली असती. चौथ्या दिवशी धर्माने मला होडीत बसवून नेलं, एका जागी वल्हं उभं केलं आणि म्हणाला, "हितं माझा बांध व्हता." मग तिथे जाळं टाकलं.

प्रायोगिक म्हणून सुरू झालेली पद्धत पुढे कायम झाली, आणि मीही झालो. होड्या पुन्हा कचेरीत आल्या नाहीत. इसाकभाईंचं तेवढं काम गेलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. विटांचं भाडं बरं, विटांना नंबर नसतो, असं म्हणाले.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या अहवालात आमच्या तलावाचं दर होडीमागे उत्पादन एकदम वाढलेलं दिसलं. मासे साधारण तेवढेच होते, भागायला होड्या कमी झाल्या होत्या. मोठ्या साहेबांना त्याबद्दल वरून प्रशंसापत्र आलं. त्याची एक प्रत माहितीसाठी मलाही मिळाली.

मी ती जपून ठेवली आहे. नोकरीत पुढे पुष्कळ याद्या तपासल्या, पण वस्तूभोवती एक फेरी मारल्याशिवाय सही केली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात एखादा टेंपो भिंतीला चिकटून उभा दिसला की मी पलीकडे डोकावून बघतो. बहुतेक वेळा तो सावलीसाठीच उभा असतो.