रेणुकाच्या तीन ओळी

“हे पान फाडा.”

संस्थेचे अध्यक्ष वही दोन बोटांत धरून उभे होते. वर्ग दुसरीचा, हुबळीतल्या मराठी शाळेचा. मुलांच्या वह्या बाकांवर मांडलेल्या. थोड्या वेळात पालक येणार होते.

“वाचा, काय लिहिलंय.”

मी वाचलं. ‘अप्पा गटारात उतरतो. अप्पाच्या अंगाला वास येतो. तरी मी अप्पाजवळच झोपते.’

“रेणुकानं लिहिलंय सर. आपल्या मनानं.”

ते हसले. “तुमच्या लोकांना अक्षरं दिली तरी त्यातून घाणच निघणार.”

तुमच्या लोकांना. मी बौद्ध. माझं आडनाव त्यांना नेमणुकीच्या दिवसापासून पाठ. मुख्याध्यापिका शेजारीच होत्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी तात्पुरती शिक्षिका. पान फाडायला किती वेळ लागतो? मी फाडलं. माझ्या हातानं.

शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळची पंधरा मिनिटं मी मुलांना दिली होती. हवं ते पुस्तक घ्या, वाचा. मग हवं ते लिहा. फळ्यावरचं उतरवायचं नाही. मी लाल पेन लावणार नाही. पहिले काही आठवडे मुलं विचारायची, “अक्कोरे, काय लिहू?” इकडं कानडी वळणानं बाईंना अक्कोरेच म्हणतात. मी म्हणायचे, “तुला काय सांगायचंय?” मग कोणी कुत्र्यावर लिहिलं, कोणी चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणाऱ्यावर. रेणुका नुसती बसून राहायची. चित्रांवरून बोट फिरवायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्यानंतर कधीतरी या तीन ओळी आल्या. ‘झोपते’ दोनदा खोडून लिहिलेलं. दाखवायला आली नाही. वही मिटून वर हात ठेवून बसली. मीच मागितली. मीच तिला म्हटलं, “अप्पांना बोलव हं वाचायला.”

आणि अप्पा आले. धुतलेला, इस्त्रीचा शर्ट. दारातच थांबले. त्यांना वाचता येत नव्हतं.

“अक्कोरे, पोरीनं माझ्यावर कायतरी लिवलंय म्हणती. जरा वाचून दाखवा की.”

अध्यक्ष अजून वर्गातच होते. माझ्या तोंडून निघालं, “अजून लिहायला लागली नाही ती.”

अप्पांनी रेणुकाच्या डोक्यावर टपली मारली. “खोटं बोललीस व्हय गं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. नुसतं पाहिलं.

त्यानंतर ती लिहीना. पंधरा मिनिटं फळ्यावरची तारीख उतरवायची. पुन्हा पुन्हा तीच. “काही लिहितेस का गं?” मी विचारायचे.

“ब्याड, अक्कोरे.” नको. एवढंच.

आठवड्याभरानं मुख्याध्यापिकांनी छापील वाक्यांचा कागद आणला. ‘माझे बाबा कार्यालयात जातात.’ म्हणाल्या, “सकाळच्या वेळात हेच उतरवून घ्या. वरून सांगितलंय.”

“नाही घेणार.”

“नोकरीचा विचार करा बाई.”

“तो करूनच त्या दिवशी पान फाडलं. आता नाही.”

त्याच संध्याकाळी रेणुकाच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं, “अप्पा, तिनं लिहिलं होतं. मी फाडलं. खोटं मी बोलले.” तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. मला पाठ होत्या.  अप्पांनी पोरीला जवळ घ्यायला हात पुढं केला. ती आली नाही. आत निघून गेली.

माझ्याशीही बोलली नाही. का बोलावं तिनं?

रेणुका अजून लिहीत नाही. माझ्या वर्गात असेपर्यंत कदाचित लिहिणारही नाही. मला नोकरी टिकवायची होती, आणि तिची किंमत आठ वर्षांच्या पोरीनं दिली. हे कुणी पुसू नये. मीही पुसणार नाही.

बाकीची मुलं लिहितात. आई दुसऱ्यांची भांडी घासते. आज्जा पितो. नळाला पाणी नाही. मी एक शब्द बदलत नाही.

अध्यक्षांना लेखी दिलंय. त्या दिवशी ते काय बोलले, मी काय केलं, सगळं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. शेवटचं वाक्य एवढंच: काढायचं तर काढा, मी आपणहून जाणार नाही.