दुरुस्तीची चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण ऐका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी तिथल्या कोर्टात कारकून होतो. आमचे जज्जसाहेब — काय माणूस होता! एक कलम लावायचं तर आधी व्याख्या वाचणार, मग मागचं-पुढचं कलम, मग डोळे मिटून बसणार. कायदा कुणाचं दुःख दूर करायला केला हे कळल्याशिवाय त्यातल्या शब्दाचा अर्थ लावू नये, म्हणायचे. आम्ही कारकून पाठीमागे हसायचो. मनातून मात्र मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

माझ्याकडे एक किरकोळ काम होतं. कायदा बदलला की सरकारकडून छापील दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या कापायच्या, चिकटवायला कणकेची खळ शिजवायची, पुस्तकात त्या त्या कलमाशेजारी चिकटवायच्या. कोण करणार ते चिकट काम? मी चिठ्ठ्या खणात टाकून द्यायचो — करू उद्या.

अशात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून सखूबाई आली. नवरा कुळ होता, तो वारला. मालकाला वावर परत हवं होतं. बाईला वकील नव्हता, मूलबाळ नव्हतं. आणि पुस्तकात लिहिलेलं — कुळ मेलं की हक्क मुलाकडे जाईल.

"नवरा होता तवाबी वावर मीच वाहत होती, आताबी मीच वाहून राह्यली," ती म्हणाली. "मंग मले काहून काढता?"

साहेबांनी दोन दिवस ते पुस्तक उलटंपालटं केलं. त्या कलमात तिला कुठं बसवता येईल, ते शोधत होते बिचारे. शेवटी म्हणाले, कायदा करणाऱ्यांनी जे लिहिलं नाही ते मला लिहिता येणार नाही. सखूबाईचं वावर गेलं.

आठ दिवसांनी खण आवरताना चिठ्ठी सापडली. कुळाचा हक्क मुलाकडे किंवा विधवेकडे जाईल — कायद्यात ही भर निकालाच्या कितीतरी आधी पडली होती. अपिलाची मुदत अजून शिल्लक होती. धावत जाऊन सांगायला हवं होतं, नाही का? मी दार लोटलं, खळ शिजवली आणि चिठ्ठी चिकटवून टाकली. नोकरीची भीती वाटली. बस, एवढंच.

पुढे चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या दाव्यात साहेबांनी तेच पान उघडलं. थांबले. भर कोर्टात, सगळ्या वकिलांदेखत म्हणाले, "सखूबाईच्या दाव्यात ही दुरुस्ती मी वाचलीच नाही. चूक माझी आहे." असं बोलणारा न्यायाधीश मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी तांड्यावर माणूस धाडला. बाई कामासाठी परमुलखात निघून गेली होती. मुदतही केव्हाच संपली होती.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. रागावले नव्हते. पुस्तक पुढं करून हळूच विचारलं, "ही चिठ्ठी तेव्हा इथंच होती ना हो?"

मी म्हणालो — होय साहेब, इथंच होती.

त्यानंतर ते प्रत्येक कलम ओळीवर बोट ठेवून, दोन-दोनदा वाचायचे. मी शेजारी उभा राहून बघायचो.