सगळे ठिपके हिरवे

आमच्या ह्यांची सिक्युरिटी कंपनी आहे. कंपनी म्हणजे घराची पुढची खोली, एक संगणक, फोन घ्यायला मी आणि ठिकठिकाणी उभे असलेले गार्ड. पूर्वी हे रोज संध्याकाळी स्कूटरवरून गार्डांकडे चक्कर मारायचे. कुणाची बायको आजारी, कुणाचे बूट फाटलेत, सगळं ह्यांना ठाऊक. घरी मात्र जेवण गार व्हायचं आणि माझं डोकं तापायचं.

मग ॲप आलं. इमारतीत जागोजागी स्टिकर लावायचे, राउंड मारताना गार्डने प्रत्येक स्टिकरला मोबाईल टेकवायचा, की इकडे पडद्यावर हिरवा ठिपका. कामाची गोष्ट होती, नाही म्हणत नाही. पण हे ठिपक्यांवर इतके खूश झाले की स्कूटर धूळ खात पडली. मलाही बरंच वाटलं; नवरा वेळेवर ताटावर बसायला लागला.

सगळ्यात चोख ठिपके कापडाच्या गोदामातल्या मामांचे. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की हे मामांचेच ठिपके दाखवून मिरवायचे.

एका सकाळी गोदामाच्या मालकाचा फोन आला. वरच्या मजल्यावर पाइप फुटून कापडाचे गठ्ठे भिजले होते. पडद्यावर तर रात्रभर सगळं हिरवंगार! हे धावत गेले, तर सगळ्या मजल्यांचे स्टिकर मामांच्या केबिनमधल्या टेबलाखाली ओळीने चिकटवलेले. मामांचे राउंड खुर्चीत बसून चालले होते.

मालकासमोरच ह्यांचा पारा चढला. "मामा, माझ्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही. उद्यापासून येऊ नका!"

मामांनी डबा उचलला. दाराबाहेरच्या दोन पायऱ्या ते भिंत धरून, दात आवळून उतरले. गुडघा एवढा सुजलेला की पँटवरूनही दिसत होता.

"कधीपासून हे?" ह्यांनी विचारलं.

"झाले काही महिने. जिना चढवत नाही, साहेब."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही आलात की सांगणार होतो. रोज वाट बघायचो."

हे घरी आले ते तोंड पाडूनच. सगळं सांगितलं. "काढून टाका ते ॲप," मी चिडून म्हटलं.

"त्याने काय केलंय? स्टिकरला मोबाईल लागला, एवढंच त्याने सांगितलं. माणूस कसा आहे ते बघायला मी जायला हवं होतं."

हे घरी बसतात म्हणून सुखावले होते ती मीच ना!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मालकाला स्वच्छ सांगितलं, चूक माझी, मामांना बोल लावू नका. मालकाने ऐकून घेतलं आणि काम दुसऱ्या कंपनीला दिलं. तिथून आम्ही दोघं मामांच्या घरी गेलो. माफी कशी मागायची, ते हे वाटभर जुळवत होते.

आम्हाला दारात बघून मामा कॉटवरून उठायला गेले, पण उठता येईना. बसल्या बसल्याच त्यांनी हात जोडले.

"माझ्यामुळे तुमचं नाव गेलं, साहेब. माफ करा."

हे त्यांचे जोडलेले हात धरून कॉटवर शेजारी बसले. मला तर मान वर करून बघवेना, इतकी लाज वाटली. हे म्हणाले, "आधी डॉक्टरकडे जाऊ. मग शाळेच्या फाटकावरची ड्यूटी आहे, मामा. जिना नाही. याल ना?"

मामांनी मान वर केली.

"तुम्ही येत जाल का?" त्यांनी विचारलं.