झ्यूस नसलेला नवरा

समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये ग्रीसमधल्या अँथेडॉनच्या कोळ्यांची पंधरा-वीस घरं. हिवाळ्यातली सकाळ. डोक्यावर जाळ्यांची टोपली घेऊन मेलित्ता येते, पण ती दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. आयुष्यभर हाच क्रम राहिला.

त्या सकाळी आवाजात लाड होता. नवरा देक्सॉन होडी पाण्यात ढकलत होता आणि सगळ्या किनाऱ्यादेखत ती ओरडली, "लवकर परत ये रे, माझ्या झ्यूसा!"

"आलोच, माझे हेरे!" तो म्हणाला.

शेजारची प्लांगोआजी मासे खारवत होती. तिच्या हातातला मासा गळून पडला. "जीभ आवर, भवाने! केइक्स राजा आणि अल्किओनी राणी एकमेकांना अशीच देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा म्हणून हाक मारायची. झ्यूस चिडला, दोघांचे पक्षी केले. अजून खंड्या होऊन लाटांवर रडत फिरतात."

"आजी, आमच्या होडीला भोकं आहेत. आमच्यावर कुठला देव जळणार?"

दुपारी वारं उठलं. सगळ्या होड्या परतल्या, देक्सॉनची नाही. आजी मासे तसेच टाकून समुद्राकडे बघत उभी राहिली, आणि मेलित्ताला सकाळची हाक आठवली.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. खडकावर चढली, कमरेवर हात ठेवले आणि तोंड वर केलं.

"देवा झ्यूसा, गैरसमज झालाय! माझा नवरा तुझ्यासारखा मुळीच नाही! तू वीज फेकतोस, हा दगड फेकतो तो स्वतःच्याच पायावर! तू गडगडतोस, हा नुसता घोरतो! तू म्हणे हंसाचं रूप घेतोस, हा साधं बदक अंगावर आलं तरी घरात पळतो!"

खाली बायका जमल्या. एकीला हसू फुटलं. "पोहतासुद्धा येत नाही त्याला धड!" ती ओरडली.

"ते आत्ता नको गं सांगूस!" मेलित्ता वरून किंचाळली, आणि पुन्हा सुरू झाली.

उन्हं कलताना वारं बसलं, समुद्र तेलासारखा झाला. आजी म्हणाली, खंड्याचे अंडी उबवायचे दिवस लागले, तेवढे दिवस समुद्र दरवर्षी शांत असतो. मेलित्ताला ते काही पटलं नाही; देवानं आपलंच ऐकलं, असं तिचं म्हणणं.

इतक्यात पाण्यात घुसलेल्या टेकाडाआडून होडी आली. वल्हं मोडलं म्हणून देक्सॉन दुपारभर तिथेच आडोशाला थांबला होता, आणि वाऱ्यानं शब्द न् शब्द त्याच्याकडे नेला होता.

"बदकाचं सांगायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"देवाला पटायला नको?" म्हणत तिनं त्याला असं कवटाळलं की दोघंही पाण्यात पडली.

तेव्हापासून तो निघाला की ती रोज त्याचा एक नवा दोष ओरडून सांगायची. पुढे इतर बायकांनीही ते उचललं आणि अँथेडॉनच्या पहाटेला शांतता म्हणून राहिली नाही. चाळीस वर्षांत तिला सांगायला दोष कमी पडले नाहीत, तेवढी काळजी देक्सॉननं घेतली.

म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली, तेही खंड्याच्याच दिवसांत. दारातून शांत समुद्र दिसत होता. तो तिला जवाची पेज भरवत होता.

"इतकी वर्षं बोललो नाही," तो म्हणाला, "पण तू माझी हेराच होतीस गं."

तिनं एक डोळा उघडून छताकडे पाहिलं.

"हळू बोल मेल्या, वर ऐकू जाईल."