तापलेला डबा

घासलेटचा वास आला की आजही आमची विहीर दिसते. पोहायला शिकताना पाठीला घासलेटचा रिकामा डबा बांधायची आमच्या रत्नागिरीत पद्धतच होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाबांनी तांबटाकडून डाख लावून डबा बंद करून आणला आणि दुपारभर उन्हात कातळावर ठेवला. संध्याकाळी तो ताईच्या पाठीला बांधून म्हणाले, "आत हवा आहे गो, बुडायची नाहीस. सोड पायरी."

तिने सोडली. डब्याच्या सांध्यातून पाणी शिरलं. बाबांनी उडी घेऊन तिला वर काढलं, पण उशीर झाला होता.

वर्षभर ते त्या तांबटाला शिव्या देत राहिले. मग एकदा आमच्या वर्गात शिकवताना म्हणाले, "बंद डबा उन्हात ठेवला, तर आतली हवा फुगून सांधे..." आणि थांबले. तास संपेपर्यंत ते फळ्याकडेच तोंड करून उभे होते.