तपशिलात अडकायचं नाही!

आमच्या वाचनमंडळात कुठलाही प्रश्न विचारायला मोकळीक आहे, एक सोडून. ‘लेखकाने हे इथे का लिहिलंय?’ असं विचारायचं नाही. मी पहिल्याच शनिवारी विचारलं. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “मीनल बेटा, तपशिलात अडकायचं नाही. आशय बघायचा. हा आपला नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही.”

चर्चेसाठी जमलेल्या मंडळात ज्यावर चर्चा होत नाही अशी ही एकच गोष्ट!

आबा आमचे अध्यक्ष. चाळीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवून निवृत्त झालेले. नाना पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, तेही निवृत्त. अक्का पहूरच्या, तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आता मुलाकडे जळगावात असतात. आणि मी. एका कॉलेजात तासावर शिकवते. मराठी टायपिंग येतं म्हणून मंडळाची चिटणीस झाले. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जुन्या कादंबऱ्या वाचतो. शंभरीच्या आसपासच्या, पानं हातात सुटून येणाऱ्या.

तीन वर्षांत इतके किस्से साठलेत की शनिवारी रात्री मैत्रिणींना फोन लावला की त्या ‘हॅलो’ म्हणत नाहीत. विचारतात, “आज कोण अडकलं?”

कादंबऱ्यांची नावं सांगत नाही. सांगितली तर आबांचे विद्यार्थी भांडायला येतील, आणि ते अख्ख्या जिल्ह्यात आहेत.

* * *

पहिला किस्सा जावयाचा.

कादंबरीत एक जावई सासुरवाडीला येतो. पहिले तीन दिवस ताटात गव्हाच्या पोळ्या, चौथ्या दिवशी भाकरी. नाना मोठ्याने वाचत होते. जेवण आलं की ते स्पीड वाढवतात. “पोळ्या, तूप, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, चला पुढे.”

पुढच्या प्रकरणात जावई कुणाशी एक शब्द न बोलता पहाटेच निघून जातो आणि पुढची दहा वर्षं त्या घराचं तोंड बघत नाही.

नानांनी पुस्तक मिटलं. “इथे लेखक चुकला. एवढा राग आला, पण कारण कुठेच दिलेलं नाही. रचनेतला दोष आहे.”

“नाना, कारण ताटात होतं!”

“ताटात काय होतं?”

“भाकरी! रोज घरी खातात ती. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला चौथ्या दिवशी न बोलता सांगितलं, की आता निघा.”

नानांनी पुस्तक उघडून ते पान पुन्हा काढलं. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, “मी सासरी गेलो की मलाही चौथ्या दिवशी भाकरीच असायची.”

“मग?”

“मला वाटायचं, मला आवडते म्हणून करतात!”

* * *

आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची बांधणी शकीलभाई करतात. बांधायला आणलेलं पुस्तक ते आधी वाचतात, मग शिवतात. त्यामुळे पुस्तक परत यायला दोन महिने लागतात. नाना दर महिन्याला त्यांच्या नावाने ओरडतात.

एका कादंबरीत एक कारकून आहे. नवा कोट शिवला म्हणून ऑफिसभर मिरवतो. बॉससमोर उभा राहून छातीच्या उजव्या खिशातून रुमाल काढतो आणि घाम पुसतो. आमच्या प्रतीत ‘उजव्या’वर पेन्सिलची काट आणि वर वळणदार अक्षरात ‘डाव्या’. अक्षर आबांचं. छातीचा खिसा डावीकडे असतो, म्हणजे ही छापखान्याची चूक. झाली दुरुस्ती!

शकीलभाई पुस्तक परत द्यायला आले, तेच ते पान उघडून. “आबासाहेब, हे कोणी खोडलं?”

“मी. का?”

“माझे वडील टेलर होते. कापड विटलं की लोक कोट उलटवून घ्यायचे. सगळी शिवण उसवायची, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. कोट नव्यासारखा दिसतो, पण खिसा जातो उजवीकडे.” त्यांनी स्वतःच्या शर्टावर हात फिरवून दाखवलं. “नवाबिवा काही नाही तो. जुनाच उलटवलाय. बिचारा खोटं बोलतोय.”

त्या माणसाची सगळी ऐट, सगळी गरिबी एका खिशात होती. आणि बॉसला ते दिसतंय, म्हणून तर तो पुढच्या ओळीत हसतो! त्या हसण्यावर आबांनी पुस्तक बांधणीला जाण्याआधी ‘अधिकारी वर्गाची सहृदयता’ म्हणून वीस मिनिटं घेतली होती.

शकीलभाईंनी अदबीने विचारलं, “खोडरबर आहे का?”

आबा म्हणाले, “राहू द्या. वाचकांना असं सोपं जातं.”

* * *

एकदा धुळ्याच्या एका मंडळाने आम्हाला संयुक्त बैठकीला बोलावलं. तिथे एका सरांचं तासाभराचं व्याख्यान होतं. कादंबरीत गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असतो. एवढंच. सरांनी त्या कपावर अर्धा तास घेतला. कप म्हणजे रिक्तता. तुटलेला कान म्हणजे न ऐकणारा समाज. कोनाडा म्हणजे नियती.

अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. पण त्या दिवशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, “सर, आमच्या घरी होता तो.”

“कोण?”

“कप. गोठ्यातच असायचा. आमच्या सालदाराचा. वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचा ना, त्याचा. चहा झाला की त्यानेच धुवायचा आणि तिथेच ठेवायचा. घरातल्या कपात त्याला चहा द्यायचा नाही.”

सर खाली वाकले, आवाज मऊ केला. “काय नाव होतं त्यांचं?”

“नावावरून कप ठरत नव्हता, सर.”

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. सर म्हणाले, “अक्का, आपण जरा वैयक्तिक होतोय.” आणि पुन्हा नियतीवर गेले!

परतीच्या गाडीत आबा म्हणाले, “व्याख्यान चांगलं झालं. अक्कांनी मध्येच थोडा रसभंग केला, पण ठीक आहे.” मी पारोळ्यापर्यंत आबांशी बोलले नाही. आबांच्या ते लक्षातही आलं नाही.

* * *

मीही अडकले आहे, नाही असं नाही.

एका कादंबरीत बाई चुलीपाशी बसलेली असते. पोस्टमन कोपरा फाडलेलं कार्ड देऊन जातो. ती ते वाचत नाही. उठते आणि चुलीवर पाणी ओतते. मी खूश! वीस मिनिटं बोलले. म्हटलं, हा विद्रोह आहे. ती स्वयंपाकाला नकार देतेय. नवऱ्याचं पत्र वाचायलाही नकार देतेय. मराठीतली ही पहिली बंडखोर चूल!

तिघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नाना म्हणाले, “अगं, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. पूर्वी तशीच पद्धत होती. वाचायची गरजच नसायची. आणि सुतकात चूल पेटत नाही.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग नाना, वीस मिनिटं बोलू का दिलंत? आधी नाही का सांगायचं?”

“तू तपशिलात अडकू नयेस म्हणून.”

* * *

आता शेवटचा. हा मी अजून मैत्रिणींनाही सांगितलेला नाही.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एका जुन्या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती काढायचं ठरलं. जिल्ह्यातल्या कॉलेजांना वाटायची. आबांनी गाळायच्या ओळींवर लाल रेघ मारायची, मी उरलेलं टाइप करायचं. आतल्या पानावर ‘संपादन साहाय्य’ म्हणून माझं नाव. माझं नाव छापून येणारं हे पहिलंच पुस्तक. आईने वर्धापनदिनासाठी साडी काढून ठेवली होती.

कादंबरीतली सून चारचौघींसारखी आहे. सासऱ्यांपुढे, दिरांपुढे, गल्लीतल्या म्हाताऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही. एक दिवस दाराशी बांगड्या भरणारा मनियार येतो. ती त्याच्यासमोर बसते, डोक्यावरचा पदर खाली घेते, हात पुढे करते आणि मोकळं हसते. शेजारीण बघते. गावभर होतं. शेवटी नवरा तिला घराबाहेर काढतो आणि सासू महिन्याभरात त्याचं दुसरं लग्न लावते.

आबांनी हे चाळीस वर्षं शिकवलं. प्रस्तावनाही तशीच लिहून दिली. ‘मोहाच्या एका क्षणी पाऊल घसरलेल्या स्त्रीची शोकांतिका.’ नाना म्हणाले, “आणि तेही मनियारासमोर!” मी टाइप केलं. हो, मीच केलं.

त्याच आठवड्यात वहिनीच्या माहेरी लग्न होतं. आमचं घर जामनेरला, तिचं माहेर चोपडा तालुक्यात. घरी माझ्या बाबांसमोर तिचा पदर डोक्यावरच असतो. बस तापीचा पूल ओलांडून पुढे गेली, तिच्या गावाचा फाटा दिसायला लागला आणि तिने पदर सरळ खांद्यावर घेतला. पुढच्या सीटवर एक माणूस बसला होता. त्याला हाक मारून गप्पा सुरू. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून पळाली, खो खो हसणं. मी इतकी वर्षं या बाईला असं हसताना पाहिलेलं नव्हतं.

मी हळूच विचारलं, “वहिनी, नात्यातला आहे का?”

“नात्यातला कशाला? मन्हा गावना शे. भाऊच ना मग! भावासमोर कोण पदर घेतं?”

मी बसमध्येच पिशवीतून लाल रेघांची प्रत काढली. दुसऱ्या प्रकरणात एक ओळ होती. मनियार तापीपलीकडचा, सुनेच्याच गावचा, वर्षातून दोनदा इकडे येतो. आणखी एक ओळ होती. तो आला की सासू त्याला सुनेच्या आईची खुशाली विचारते. म्हणजे सासूला सगळं ठाऊक होतं! गावाने बोट दाखवलं तेव्हा ती एक वाक्य बोलली असती तर सून घरात राहिली असती. ती बोलली नाही. तिला मुलाचं दुसरं लग्न करायचं होतं. अख्खी कादंबरी त्या गप्प बसण्याची होती.

दोन्ही ओळींवर आबांची लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं, ‘पाल्हाळ’.

शनिवारी मी दोन्ही ओळी परत घातलेली प्रिंट टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

नाना म्हणाले, “पण आता पानं ठरलीत. सोळा पानांचा अख्खा फॉर्म वाढेल.”

“दोन ओळींनी, नाना?”

आबांचा आवाज थंड होता. “मनियाराचं गाव कुठलं, याचा कथानकाशी काय संबंध? चाळीस वर्षं मी हे शिकवलं. म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचं शिकवलं?”

“हो, आबा.”

अक्कांनी प्रिंट जवळ ओढली आणि वाचायला लागल्या.

“एकाही विद्यार्थ्याने कधी शंका काढली नाही,” आबा म्हणाले. “एकानेही! आणि तू कालची मुलगी मला पदर शिकवतेस?”

“मी नाही, वहिनीने शिकवला. आबा, हे पुस्तक कॉलेजातल्या मुलींच्या हातात जाणार आहे. त्या दोन ओळी काढल्या, की ती खरोखरच वाईट चालीची ठरते. पुस्तकातल्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं. आता आपण वर छापील शिक्का मारतोय.”

“ओळी गाळायच्या. प्रस्तावना आहे तशी जाईल. तुला अडचण असेल तर तुझं नाव काढू.”

“काढा. पण अशी फाईल मी छापखान्यात पाठवणार नाही. ती प्रस्तावनाही मी माझ्या लॅपटॉपवरून डिलीट केलीय. हवी तर दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या. मी करणार नाही.”

नाना चपापले. अशा सुरात आबांशी कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

आबांनी टेबलावर हात आपटला. “अगं, असलं काही नसतं! मला काय सांगतेस? माझी स्वतःची सून चोपड्याकडची आहे. वीस वर्षं झाली घरात येऊन. वीस वर्षांत एकदाही, एकदाही मी तिच्या डोक्यावरून पदर खाली आलेला पाहिलेला नाही!”

“तुम्हाला कसा दिसेल, आबा?”

आबांनी बोलायला तोंड उघडलं. नाना आबांकडे बघत होते. अक्कांनी वाचता वाचता मान वर केली.